ओट्यावरचा टायमर

सर,

तुमचा कोड मी काढून टाकला. माझ्याच हाताने, माझ्याच सहीने. परवा तो बदल वरपर्यंत स्वीकारला गेला आणि कॉम्प्युटरच्या मुळाशी चालणाऱ्या त्या कर्नेलच्या पुढच्या आवृत्तीत तुमची ती फाइल नसेल. हे तुम्हाला सांगणं तसं सोपं आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्याकडून बोलणी ऐकावी लागतील ही भीती उरलेली नाही. जमत नाही ते काकूंना सांगणं. त्या अजून कारंज्याला त्याच घरात राहतात, एकट्या, आणि गल्लीत कोणी नवीन भाडेकरू आला की आठवडा जायच्या आत त्याला ऐकवतात, "आमच्या ह्यायनं लिहेलं काम अजून कॉम्प्युटरमंधी चालू हाये." पेन्शनपेक्षा, घरापेक्षा, त्यांना या एका वाक्याचा आधार जास्त आहे. ते वाक्य आता खरं राहिलेलं नाही, आणि हे त्यांना जाऊन सांगेल असं माणूस एकच आहे. ती मी.

आयटीआयच्या वर्कशॉपमधला तो दिवस मला अधूनमधून आठवतो. मी किन्हीराजाहून पहाटेची गाडी पकडून येते, केसांत अजून धूळ आहे, आणि तुम्ही मला एका सर्किटवरचा व्होल्टेज मोजायला सांगितला आहे. मी मीटर लावते, आकडा बघते, वहीत उतरवते आणि पुढच्या टेबलाकडे वळते. तुम्ही मागून मोठ्याने म्हणता, "काय वं, एकडाव पाह्यलं अन् भरोसा ठेवला? पुन्ना पाय." सगळी पोरं हसतात. मी रागाने पुन्हा मीटर लावते तर आकडा वेगळा. प्रोब नीट टेकलेलाच नव्हता. तुम्ही नुसते चष्म्यावरून बघता. त्या बघण्याचा मला इतका राग आला होता की मी आठवडाभर तुमच्याशी धड बोलले नाही. तुमच्या ते लक्षातही आलं नसेल, कारण तेव्हा तुमच्या डोक्यात ती चिप बसली होती.

अकोल्याला बंद पडलेल्या एका कारखान्याच्या लिलावातून तुम्ही पोतंभर जुने कंट्रोल बोर्ड आणले होते. दाल मिलवाल्यांना मशिनी चालवायचे पॅनेल स्वस्तात करून द्यायचे, असा तुमचा बेत. त्यातला एक बोर्ड तुम्ही घरी स्वयंपाकघरात ओट्याच्या कडेला मांडला, मिक्सरच्या प्लगशेजारी, कारण अख्ख्या घरात अर्थिंग धड असलेला तो एकच प्लग होता. काकू कणीक मळताना तुम्हाला कोपराने बाजूला सारायच्या आणि तुम्ही कीबोर्ड उचलून फ्रिजवर ठेवून उभ्याने टाइप करायचात. त्या बोर्डावर कर्नेल सुरू व्हायचं, पण वेळ नीट चालायची नाही. चालता चालता घड्याळ मध्येच मागे जायचं आणि सगळं थिजायचं. तुम्ही म्हणायचात, "हे चिप मले फसवून राह्यली." फसवत कोणीच नव्हतं. त्या टायमरच्या चिपमधला आकडा दोन तुकड्यांत वाचावा लागायचा. पहिला तुकडा वाचून दुसऱ्याकडे जाईपर्यंत आकडा पुढे सरकलेला असायचा, आणि आपल्या हातात अर्धा जुना, अर्धा नवा असा भलताच काळ यायचा. हे सापडलं त्या दुपारी तुम्ही पातोड्यांच्या रश्श्याचं ताट तसंच ठेवून उठलात. काकूंनी त्यावर दुसरं ताट झाकलं आणि मला म्हणाल्या, "तू जेव. ते आता येत नाईत."

उपाय साधाच होता. आकडा दोनदा वाचायचा, जुळला नाही तर पुन्हा वाचायचा. तुम्ही तो लिहून सायबर कॅफेतून कर्नेलवाल्यांना पाठवला, आणि ज्यांना आपण कधी बघणार नाही अशा माणसांनी त्यात चार चुका काढल्या, तुम्ही त्या निस्तरल्या, आणि मग ती फाइल कर्नेलमध्ये गेली. माथ्यावर तुमचं नाव. तुम्ही पेढे आणले तेव्हा गल्लीला वाटलं नात झाली. शिरपूरच्या दाल मिलमध्ये तुमचा पहिला पॅनेल लागला तेव्हा मी पाने-पेचकस घेऊन तुमच्यासोबत होते. परतताना एसटीत तुम्ही खिडकीला डोकं टेकून झोपलात. तोंड उघडं होतं आणि चेहऱ्यावर हसू होतं. इतका खूश झालेला माणूस मी त्यानंतर बघितलेला नाही, आरशात तर नाहीच.

मग तुमचं आजारपण. तुम्ही अंथरुणावरून शेवटचा बदल पाठवलात तो एका ओळीचा होता. त्या फाइलची देखभाल करणाऱ्यांत तुमच्या नावाखाली माझं नाव. मला विचारलंसुद्धा नाही. नंतर सांगितलंत, "आता मेल तुले येतीन. उत्तर देत जाजो. नाई देल्लं त लोकायले वाटते का इथं कोनी नाई." लोक मुलीला दागिना देतात, तुम्ही मला हे दिलंत. मी तेव्हा रडले ते आनंदाने की भीतीने, हे मला अजून उलगडलेलं नाही.

आणि मी उत्तरं दिली, सर. वाशिमला खोली घेतली, पोटासाठी कुठल्यातरी कंपनीचं दुसरंच काम घरी बसून करू लागले, आणि तुमची फाइल सांभाळली. सांभाळणं म्हणजे काय, हे बाहेरच्याला कळत नाही. कर्नेल आतून सतत बदलतं. टायमरची नोंद करायची रीत बदलली, मग फंक्शनची नावं बदलली, मग जी रीत नवी म्हणून आली तीच जुनी ठरली. दर वेळी तुमची फाइल त्यात बसवायची, आणि बसवली की खऱ्या चिपवर चालवून बघायची. म्हणून मी नवं कर्नेल भरलेलं मेमरी कार्ड पर्समध्ये टाकून मंगरूळपीरवरून कारंज्याची गाडी पकडायची. काकू बोर्डावरचं कापड काढायच्या, मी कार्ड घालायची, आणि दुपारभर ते मोजत बसायचं. तेवढ्यात आमची जेवणं व्हायची. हिवाळ्यात तुरीचे सोले असायचे. एकदा त्यांनी विचारलं, "ह्यायचं काम म्हंजे नेमकं काय वं?" मी सांगितलं की कॉम्प्युटरच्या आत एक चिप ठोके मोजते, सरांचा कोड तिला विचारतो किती झाले, आणि त्यावर आतलं बाकी सगळं चालतं. त्यांनी विचार केला आणि म्हणाल्या, "म्हंजे हे तिले टाइम इचारतात, अन् मंग बाकी सगळ्यायले सांगतात." मी हो म्हटलं. त्यांनी "विचारतात" म्हटलं होतं, "विचारायचे" नाही, आणि मी मान डोलावली होती.

दाल मिलवाल्यांनी पुढे तयार पॅनेल घेतले. तुमचे एकेक करून भंगारात गेले, शिरपूरचाही. तुमच्या फाइलमुळे कर्नेलमध्ये टायमरची एक जुनी यंत्रणा अजून शिल्लक होती. बाकी सगळे तिच्यातून बाहेर पडले होते, तुमची एकच फाइल तिला धरून होती. त्यामुळे कर्नेलवाल्यांच्या मेलिंग लिस्टवर कोणी ना कोणी विचारायचं, हे काढायचं का? मी लिहायची, वापरात आहे, मी स्वतः तपासलं आहे. कुठे वापरात आहे हे कोणी विचारलं नाही. काय सांगितलं असतं? कारंज्याला, मिक्सरच्या बाजूला? पण ते खोटं नव्हतं. ते चालत होतं.

या उन्हाळ्यात काकूंचा फोन आला. "बाई, त्याचा लाइट लागून नाई राह्यला. सकाळी डीपी उडाली. पंखाबी गेला." मी गेले. बोर्डावरच्या त्या चिपला मधोमध तडा होता आणि आजूबाजूला काळं पडलं होतं. तुमचा शेवटचा बोर्ड, सर. आख्ख्या गल्लीत पंखे आणि टीव्ही जळाले होते, लोक भांडत होते, आणि मी ओट्यासमोर उभी राहून एका चिपसाठी डोळे पुसत होते. काकूंनी ते बघितलं. बोर्ड मी कागदात गुंडाळून पर्समध्ये ठेवला तेव्हा त्या म्हणाल्या, "दुरुस्त नाई झालं त?"

"बघू ना काकू."

"मंग तू कायले येशीन?"

"अशीच येईन. तुमाले भेटाले."

"असंच कोनी येत नाई वं, बाई." हे त्या रागाने नाही म्हणाल्या. भांडी घासता घासता म्हणाल्या, माझ्याकडे न बघता. मग हात पुसून त्यांनी स्टीलच्या डब्यात जवसाची चटणी भरून दिली आणि दारापर्यंत आल्या. "डबा घेऊन येजो. चांगला हाये, झाकन घट्ट बसते."

ती चिप कुठेच मिळाली नाही. अकोल्याला नाही, पुण्याला नाही, नेटवर नाही. बनवणाऱ्यांनी कधीच बंद केली आहे. आणि ज्याची चाचणी कोणीच करू शकत नाही तो कोड ठेवायचा नाही, हा आमच्यातला साधा नियम आहे, आणि बरोबर आहे. मी दुसऱ्यांच्या फायलींना तो लावला आहे. तेव्हा रीतीप्रमाणे मीच लिस्टवर विचारलं, हे हार्डवेअर अजून कोणाकडे आहे का, कोणी वापरतं का? आणि मग वाट बघत बसले. मी देवाला फारसं काही मागत नाही, पण या वेळी मागितलं की जगात कुठेतरी, कुठल्यातरी गिरणीत, कोणाच्यातरी माळ्यावर एक बोर्ड चालू असू दे. सकाळी उठून आधी मेल बघायचे. कोणी नाही, सर. एकाने तेवढं लिहिलं की बरं झालं, आता ती जुनी यंत्रणाही काढता येईल, इतकी वर्षं सांभाळल्याबद्दल आभार. माणूस सज्जन आहे. त्याचा मेल वाचून मला दिवसभर जेवण गेलं नाही. इतकी वर्षं मी काय सांभाळत होते? कोणाचंच काहीच अडलं नाही. तुमची फाइल गेली आणि जगात एक पंखा बंद पडला नाही. मला वाटायचं की मी तुमचं काम जिवंत ठेवते आहे. खरं म्हणजे एका रिकाम्या घराला मी रोज झाडू मारत होते, आणि त्यातच माझे केस पिकले. माझ्याकडे दाखवायला दुसरं काही नाही. हे मी फक्त तुम्हाला सांगू शकते, कारण तुम्हाला ऐकू येत नाही.

काढायचा बदल तयार करताना तुमच्या सगळ्या ओळी पडद्यावर लाल झाल्या, प्रत्येकीपुढे वजाबाकीची खूण. त्यात तुमची ती टीपही होती, आकडा दोनदा वाचा, जुळला नाही तर पुन्हा वाचा. काढण्याचं कारण म्हणून काय लिहू हे मला बराच वेळ सुचेना. शेवटी लिहिलं, चालू स्थितीतलं हार्डवेअर उपलब्ध नाही. खाली माझं नाव. स्वीकारायला त्यांना फार वेळ लागला नाही, उलट चांगलं स्वच्छ काम केलं असं म्हणाले.

काल मी कारंज्याला गेले. ठरवून गेले, की आता सांगायचंच. डबा धुऊन, त्यात तिळाच्या वड्या भरून पिशवीत घेतला होता, रिकामा कसा द्यायचा. स्टँडवर उतरले, धान्याच्या मार्केटवरून तुमच्या गल्लीत वळले. वाटेत वाक्यं जुळवत होते. काकू, ते काम झालं नाही. काकू, ते काम संपलं. काकू, ते आता टाइम विचारत नाहीत. कोपऱ्यावर, त्या पिठाच्या चक्कीपाशी आले तेव्हा तुमचं दार उघडं दिसलं. काकू पायरीवर बसून सुपात काहीतरी निवडत होत्या. आणि अंगणातल्या दोरीवर, साड्यांच्या मधे, बोर्डावर झाकायचं ते कापड धुऊन वाळत घातलं होतं. त्याला दोन चिमटे लावले होते, वाऱ्याने उडू नये म्हणून.

मी तिथूनच परत फिरले. मंगरूळपीरची गाडी लागलेलीच होती. डबा आत्ता माझ्या टेबलावर आहे, झाकण खरंच घट्ट बसतं. वळताना मला वाटलं की काकूंनी मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. बघितलं का, ते मला सांगता येणार नाही, सर. मी एकदाच पाहिलं.