डाव्या हाताची वीण

मी, चांदीकाम करणारी, वय चौऱ्याहत्तर, बाजारात ‘चिलखतबाई’ म्हणून ओळखली जाणारी, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय, स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. आधीची दोन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत. ती रागात लिहिली होती.

१. घराचा खालचा मजला, कामाच्या खोलीसह, माझ्या धाकट्या बहिणीला. वरचा तिचाच आहे. अट कोणतीही नाही. अट घातली तर ती नाकारील, ओळखून आहे मी तिला.

२. बँकेतली शिल्लक भाच्याला, म्हणजे धाकटीच्या मुलाला. चांदीच्या जाळीच्या अंगरख्याला मात्र त्याने हात लावायचा नाही. परवा म्हणतो, “मावशी, कोण घालणार हे आता? वितळवून टाकू या.” मी म्हटलं, “आधी तुला वितळवते, बघू काय निघतं.”

३. ऐरण, हातोड्या आणि पकडींचा जोड धाकटीला. त्यातल्या एका पकडीची मूठ तिच्या डाव्या हातात बसावी म्हणून मीच घासली होती.

४. आमच्या कॉन्व्हेंटच्या मदर कधीच वारल्या, तरी नोंद असावी, की मी त्यांना क्षमा केलेली नाही. धाकटीचा डावा हात त्या रिबिनीने बाकाला बांधत. त्याच शाळेने मला शुद्धलेखन, टापटीप आणि गप्प बसणं शिकवलं. तिसरी गोष्ट मी मागच्या बाकावर बसून फार चोख केली.

५. अंगरख्याविषयी. अकरा वर्षांपूर्वी एका नाटक कंपनीने राणीसाठी तो सांगितला होता. एका खांद्याकडून मी विणत आले, दुसऱ्याकडून धाकटी. हजारो कड्या, प्रत्येक हाताने मिटलेली. पाठीवर दोन्ही भाग भेटले आणि जुळेनात. आमच्या विणीत कडी एका बाजूला कलते; माझ्या कड्या उजवीकडे कलत होत्या, तिच्या डावीकडे. तीस वर्षं शेजारी बसून काम केलं, आणि हे दोघींच्याही ध्यानात आलं नाही.

ती बाहेर गेली असताना मी तिचा अर्धा भाग तोडायला घेतला. परत आली तेव्हा कड्या डब्यात होत्या.

“ताई, तोडायच्या आधी हाक तरी मारायचीस.”

“उलटं विणलं होतंस.”

“उलटं नव्हतं. माझ्या हाताचं होतं.”

“मग हातच उलटा आहे तुझा.”

हे मी म्हणाले. मदर नव्हे, मी. ती वर गेली ती आजतागायत कामाच्या खोलीत आलेली नाही. कंपनीने पत्र्याचं चिलखत घेतलं. राणी त्यात खडखडत चालायची म्हणे. बरं झालं.

धाकटी बोलत नाही, पण रोज दुपारी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर सूपचा डबा ठेवते. मीठ कमी असतं. माझ्या रक्तदाबाची चौकशी ती डॉक्टरांकडे करते, हे मला ठाऊक आहे.

६. गेली दोन वर्षं मी तिचा अर्धा भाग पुन्हा विणला, डाव्या हाताने. पहिले चार महिने एक कडी धड मिटली नाही, बोटं सोलून निघाली. दोन्ही भाग मोठ्या कड्यांच्या एका ओळीने जोडता येतात, कोणाचंच काही तोडावं लागत नाही. इतकं साधं होतं. त्या ओळीतली शेवटची कडी मी उघडी ठेवली आहे. ती धाकटीने मिटावी. डाव्या हाताने.

७. हे मी मेल्यावर वाचलं जावं, असा कायद्याचा रिवाज असेल. मी त्याला बांधील नाही. एक प्रत आजच्या डब्यात, डबा घासून, तिसऱ्या पायरीवर ठेवत आहे. अंगरखा ऐरणीजवळ आहे. दार नुसतं लोटलेलं आहे.

वरील मजकूर वाचून, समजून, सही केली.
चिलखतबाई (तिची ताई)

साक्षीदार: १. डॉक्टर. २. समोरच्या शिंपीणबाई. धाकटीला वारसा मिळत असल्याने तिची सही इथे चालत नाही. तिच्यासाठी ती कडी आहे.

स्थळ: खालचा मजला, कामाची खोली.
दिनांक: ९ मार्च, सूप येऊन गेल्यावर.