डिफॉल्टवर सोडलेली स्थळं

९ डिसेंबर २००८
आजपासून रोज लिहिणार.
समाजाच्या वधू-वर परिचय पुस्तिकेचं सॉफ्टवेअर मी करून देणार! अध्यक्ष ग्यानीरामजी म्हणाले, हातानं लिहून होतेच ना, कायले पाहिजे? दूरदृष्टी नाही माणसाला.
खरं कारण इथंच लिहितो. सडक अर्जुनीचे दुलीचंदजी त्यांच्या मुलीसाठी, भूमेश्वरीसाठी, मुलगा पाहून राहिले. ते पुस्तिका उघडतील तेव्हा पहिला नंबर माझा पाहिजे. नं. १, लोकेंद्र.

१४ डिसेंबर
भाषा जावा. चार दिवसांचं काम.

२३ डिसेंबर
घरच्या कॉम्प्युटरवर मराठी नावं एकदम टकाटक. आमगावात कॉम्प्युटर क्लास चालवणाऱ्या चंचल मॅडमना दाखवलं. कौतुक राहिलं बाजूला, त्यांनी विचारलं, एन्कोडिंग कोणतं? म्हणजे कोणत्या अक्षराला आतून कोणता आकडा, ते. मी म्हटलं, डिफॉल्ट, मशीन आपल्या मनानं धरते ते. त्या म्हणाल्या, डिफॉल्ट ज्या-त्या मशीनचं वेगळं राहते. तुझ्या मशीनवर तू मराठी चालणारं यूटीएफ-८ लावून ठेवलं, समाजभवनातल्या मशीनवर कोण लावणार? प्रोग्राममध्येच लिहून टाक, एक ओळ तर आहे.
शिकवणाऱ्यांना चुकाच दिसतात.

२४ डिसेंबर
विचार केला. डिफॉल्ट ठरवणारे काही वेडे नाहीत. त्यांच्यावर अविश्वास काऊन दाखवू? तरी मॅडमच्या समाधानासाठी उद्या ओळ टाकतो.

२ जानेवारी २००९
टाकली नाही. गावोगावी रात्रभर नाटकांचे प्रयोग चालू असताना कोणी कोड लिहिते काय? उद्या नक्की.

१० जानेवारी, सकाळी ११
समाजभवनातल्या मशीनवरून सगळं छापून बायंडिंगला दिलं. २१२ मुलं-मुली. वाचून पाहिलं नाही. स्वतःच्या कामावर भरवसा असला की गरज पडत नाही. कव्हर मात्र तीनदा पाहिलं, फार सुंदर आहे.

११ जानेवारी, रविवार
मेळावा. पुस्तिका वाटल्या. नाव ?????, गाव ????, शिक्षण ???????. जन्मतारीख न् उंची तेवढी वाचली, कारण आकडे इंग्रजी. सून शोधायला आलेल्या सुलोचनाबाई चष्मा पुसून-पुसून थकल्या.
२१२ मधल्या एकाचीच माहिती पूर्ण उमटली. माझी. चाचणीसाठी ती मी इंग्रजीत भरली होती, तशीच राहिली. ग्यानीरामजी माईकवरून म्हणाले, पोरगा मोठा हुशार आहे, आपलं तेवढं छापलं न् बाकीच्यांले पुसून टाकलं! सगळा मंडप हसला. मला फार लाज वाटली.
चूक मशीनची आहे.

११ जानेवारी, संध्याकाळी ६
शांतपणे विचार केला. दुलीचंदजी एक पुस्तिका घरी घेऊन गेले, मी स्वतः पाहिलं. त्यात वाचता येणारा मुलगा एकच! जे झालं ते बरंच झालं म्हणायचं. एन्कोडिंगची ओळ टाकली असती तर केवढं नुकसान झालं असतं.

१४ जानेवारी
दुलीचंदजींचा फोन! शर्टाची बटणं लावून मगच उचलला. म्हणाले, पुस्तिका बनवणारे तुम्हीच काय? म्हटलं, हो जी. म्हणाले, तो ३७ नंबरचा पोरगा कोण आहे, सांगा ना, इथं सगळे प्रश्नच दिसून राहिले.
मी म्हटलं, जी, एक नंबर पाहिला काय? तो पूर्ण वाचता येते.
म्हणाले, वाचला ना. म्हणून तर ३७ चं विचारून राहिलो.