अण्णांचा लेथ मोडला त्याची गोष्ट

अण्णा, तुमचा लेथ मी मोडला. इकडचं तिकडचं बोलून मग मुद्द्यावर येणं तुम्हाला कधी आवडलं नाही, म्हणून आधीच सांगून टाकलं. तुम्ही गेल्यावर कितीतरी वर्षं तो लातूरच्या घरी पोत्यांखाली पडून होता. आई माझ्याकडे नांदेडला राहायला आली तेव्हा तिच्या सामानाबरोबर तोही टेम्पोतून आणला, मागच्या अंगणात पत्र्याच्या शेडमध्ये ठेवला आणि यंदा उन्हाळ्यात पाना घेऊन एकेक बोल्ट सोडवत सुटा केला. दवाखान्यात तुम्ही माझा हात धरून म्हणाला होतात, "लेथ मोडायचा न्हाई. अख्खा द्यायचा, चालवणाऱ्याच्या हातात." मी 'हाव' म्हटलं होतं.

तुमच्या वर्कशॉपची मला एक दुपार पक्की आठवते. मी नववीत असेन. डबा घेऊन येते, डाळमिलची दोन माणसं शाफ्ट घेऊन उभी असतात, आणि लोखंड धरून फिरणाऱ्या चकचा जबडा कसा दिसतो ते बघायला मी वाकते. तुम्ही खटकन बटण बंद करता. माझी ओढणी चकपासून वीतभर लांब असते. त्या दोघांसमोर तुम्ही म्हणता, "मशीन चालू असताना हिथं पाय ठेवायचा न्हाई. कदी बी." घरी येऊन मी जेवले नाही. तुमचं बरोबरच होतं, पण पुढे मी केस बांधून, ओढणी घरी ठेवून आले तरी तुम्ही 'ये' म्हणाला नाहीत, याचा राग मला अजून आहे. माझ्या वाट्याला यायची ती फक्त खंडेनवमी. त्या दिवशी लेथ बंद, धुतलेला, झेंडूची माळ घातलेला. मग तुम्ही मला स्टुलावर बसवून एकेक भाग दाखवायचात, हाताने चाक फिरवू द्यायचात. तुमचा लेथ मी शिकले तो सगळा बंद असलेला.

आता ऑफिस सुटल्यावर मी शेडमध्ये असते. लेथचं मागचं टोक, तो टेलस्टॉक, उभा करून बेअरिंग दाबायचं यंत्र केलं. चक आडवा बसवला, वेल्डिंग करताना पाइप त्यात धरते आणि हवा तसा फिरवते. गल्लीतल्या बायका शेवयांची मशीन घेऊन येतात, त्यांचे झिजलेले दांडे मी त्यावरच नीट करून देते. आई दारात बसून बघते. परवा म्हणाली, "आता कुठं कामाला लागला म्हण की. लातुरात नुसता जागा आडवून बसला व्हता."

चूक एकच केली, आणि ती ऐकून तुम्ही कपाळाला हात लावला असता. लेथच्या आट्यांचा तो लांब रॉड घेऊन मला मोठा व्हाईस, काम आवळून धरायचा शिकंजा, करायचा होता. रॉड लांब, मला अर्धाच पुरणार, म्हणून हाताला आलं ते टोक कापलं. पितळी नट नवा करून आणला, सगळं बसवलं आणि दांडा फिरवला तर पाव वेढा नुसताच फिरायचा, पकड काही येईना. दोन दिवस मी नटवाल्याला नावं ठेवली. मग चष्मा लावून रॉड बघितला. चककडच्या वीतभर भागात आटे सुरीसारखे झिजलेले, आणि पलीकडचा सगळा भाग नवाकोरा. तुमचं काम सगळं आखूड असायचं, डाळमिलच्या पिना, बुश, शाफ्टची टोकं. उभा जन्म तुम्ही त्या वीतभर जागेत उभे राहून काढलात, आणि मी नेमकी तीच कापून घेतली होती. पायरीवर बसून मी बराच वेळ रडले. दुसऱ्या दिवशी पलीकडच्या भागातून नवा तुकडा काढून व्हाईस पुरा केला.

अख्खा लेथ घ्यायला कोणी आलंच नाही, खालचा बेड झिजलेला, कोण घेणार, असं मी आईला सांगितलं. तेच तुम्हालाही लिहिणार होते. पण आई घरी नव्हती तेव्हा हदगावहून लेथवर काम करणारे एक खरादवाले आले होते. तुम्ही आज असता तर तुमच्याच वयाचे. बेड घासून घेतो, दुरुस्त करून मीच चालवतो म्हणाले, टेम्पोसुद्धा सांगून आले होते. मी त्यांना म्हटलं, काका, आत हेडस्टॉकला तडा गेलाय, तुम्हाला फसवायचं नाही मला. त्यांनी लेथवर हात फिरवला, तो हात छातीला लावला आणि चहा न घेताच गेले. त्याच आठवड्यात मी पाना हातात घेतला. हा कागद कुठे पाठवायचा नाही, म्हणून लिहिते. तडा कुठेच नव्हता, अण्णा. मला जो कधी चालवू दिला नाहीत, तो दुसऱ्या कोणी चालवलेला मला बघवला नसता.