दहा लाख तीन

४ तारीख, सोमवार
स्वस्ति श्री अखिलसंख्यामंडलमार्तंड, पाढेपंचानन, त्रैराशिकत्रिविक्रम, अपूर्णांकान्तक, एका पत्नीचा पती, एका कन्येचा पिता आणि एका सासूबाईंचा नाइलाज, असे आम्ही आज अवयव-कार्यालयात सहायकपदी रुजू झालो. स्वतंत्र खोली, न डुगडुगणारी खुर्ची, भिंतीवर फळा आणि त्यावर आमच्या वाट्याची संख्या: ३३००००९९. येथील शिरस्ता सुबोध आहे. भाजक सापडला की फळ्याच्या कडेला लिहावा, भाग द्यावा, जुनी संख्या पुसून भागाकार मांडावा.

नवे घरही ऐसपैस. सायंकाळी वाळलेल्या अगडबंब चादरीची टोके धरून आम्ही उभयतांनी घडी घातली. सासूबाई म्हणाल्या, जावईबापूंना तेवढं एक जमतं. कन्या खो-खो हसली.

५ तारीख
अंकांची बेरीज चोवीस. सबब तीनने निःशेष भाग. फळ्यावर आता ११००००३३.

घरी सासूबाईंची खाट दिसेना. पत्नीस विचारले. ती पाहतच राहिली. म्हणाली, आईला जाऊन कितीतरी वर्षं झाली, असली थट्टा करू नये. मग पाठ फिरवून डोळे पुसले.

६ तारीख
चित्त थाऱ्यावर यावे म्हणून एकाआड एक अंकांच्या बेरजा केल्या. दोन्हीकडे चार. अकराने भाग गेला. उरले १०००००३.

जेवायला दोनच ताटे. कन्या म्हणाली, आई कुठली, बाबा? मला तुम्हीच वाढवलंत ना?

७ तारीख
साहेबांकडे धावलो. ते शांतपणे म्हणाले, अहो, भाग गेला की माणूस जातं. पुसलेलं परत लिहीत नाहीत. राजीनामा द्या खुशाल, उरलेलं पुढचा भागेल.

आता घरी एकटी कन्याच.

८ तारीख
चादरीचे टोक तिने धरले. बाबा, सरळ धरा की, आयुष्यभर भागाकाराच्या रेघा मारल्यात ना, म्हणाली. मी हसलो. ती माझ्या डोळ्यांकडे पाहत होती.

११ तारीख
सहस्राखालच्या एकूण एक मूळ संख्येने ताडून पाहिले. दर खेपेस बाकी उरे. बाकी! भाषेत याहून गोड शब्द नाही. ९९७नेही भाग जात नाही. संख्या मूळ आहे, ती फुटणार नाही. पोर वाचली!

हर्षभरे फळ्याच्या कडेला, आमच्या सुविख्यात वळणदार अक्षरात, यथाशास्त्र व्याख्या लिहून आलो: हिचे भाजक दोनच, एक आणि ती स्वतः.

१२ तारीख
साहेब खोलीत येऊन गेले — कडेला भाजक लिहिलेला दिसला — शिरस्त्याप्रमाणे भाग दिला — तिला तिनेच — म्हणाले, तुमचंच तर अक्षर आहे.

फळ्यावर १.

१३ तारीख
तिच्या खोलीचे दार — दारच नाही, भिंत आहे. हाक मारली. पुन्हा —

१४ तारीख
चादर वाळली आहे. एकट्याने घडी होत नाही. हनुवटीखाली धरली, दाराच्या कडीला अडकवली — मधे झोळ पडतो, टोक निसटते. समोरून कुणी नुसते धरले तरी —