दीड फूट पाया

प्रिय इंजिनिअरसाहेब,

कॉलेजात तुला सगळे असंच म्हणायचे. 'प्रिय' खोडणार होते, पण खाडाखोडीचा कागद कुणाला पाठवायला माझा हात धजत नाही. घरात शिकलेली पहिली मीच, त्यामुळे चूक दिसली की अजून घाम फुटतो.

बाबा घरी आलेत. उजवा पाय गुडघ्याखाली नाही. पहिल्या सकाळी पलंगावरून उतरताना त्यांनी सवयीने तोच आधी खाली टाकला. पुढचं तू विचारलं नाहीस, म्हणून सांगत नाही.

शाळेपुढच्या वळणावरचा त्यांचा मातीचा बांध आठवतो ना? वीतभर माती टाकायची, पाणी मारायचं, धुमसाने चोपायची, मग पुढचा थर. हातभर उंचीला तीन हात उतार, वर गवत. दोन ट्रक त्यात घुसले आणि चाकं रुतून थांबले. एक ड्रायव्हर तर शाळेच्या नळावर तोंड धुऊन गेला. तू म्हणायचास, "सासरेबुवा अजून मातीत खेळतात." मीही हसायचे. त्या हसण्याची लाज मला जन्मभर पुरेल.

शाळेला गाड्या लावायला जागा हवी होती. बांध अठरा फूट अडवतो, भिंत एकच फूट, हे तू समितीला पटवलंस. खोटं नव्हतं ते. भिंतीनेही काम भागलं असतं, पाया चार फूट खोल असता तर. बांध गेला, भिंत आली, तुझं नाव झालं. मग तुझ्या आईचा निरोप आला: मुलगी हुशार आहे हो, पण घराणं माती उपसणाऱ्यांचं. त्यावर तू लग्न मोडलंस.

त्या दुपारी शाळा सुटली होती, एवढंच नशीब. बाबा तिथले माळी, भिंतीच्या सावलीत डबा खात बसले होते. ट्रकला फारसा वेगही नव्हता. भिंत अख्खीच्या अख्खी आडवी झाली.

चौकशी आमच्याच बांधकाम खात्याकडे आली. जखमी माणूस माझा बाप आहे, हे मी आधीच लिहून दिलं. साहेब म्हणाले, "दुसरं कोणी नाही बाई, दोन साक्षीदार घ्या आणि मोजा." खणून तीनदा मोजलं. नकाशात चार फूट, जमिनीत दीड. मला आनंद झाला. होऊ नये, कळतं. तरी झाला.

अहवाल आज गेला. तू सांगत फिरशील, सोडलेल्या मुलीने डाव साधला. तेवढीही फट तुला राहू नये, म्हणून हे पत्र. पाया चार फूट भरल्याचा तुझ्या सहीचा एकच कागद फाइलमध्ये होता. त्यावर तुझ्या खाली 'प्रत्यक्ष पाहिले' म्हणून माझी सही आहे. तेव्हा मी तुझ्या हाताखाली नवी होते. "कर गं सही, मी आहे ना," म्हणालास. घरी बाबांनी विचारलं, "पोरी, खड्ड्यात उतरून बघितलंस ना?" मी हो म्हणाले. तो कागद काढून घेतला असता तर मी वाचले असते, पण तूही वाचला असतास. मी तो सगळ्यात वर लावलाय. आता दोघंही जाऊ. आधी तू.

तुझ्याच सहीखालची,
मी