पंख्यातली धूळ

११ जानेवारी, रविवार

लॅपटॉप पुन्हा बंद पडला. बायको, अंबिका, बंगळूरहून मुलाच्या घरून बोलत होती, मध्येच पडदा काळा. हात लावला तर तव्यासारखा तापलेला. फोनचा कॅमेरा आधीच गेलाय, म्हणजे आता नुसता आवाज. फोनवर ती एवढंच विचारते — "जेवलात का?" नातीला, मनूला, सांभाळायला म्हणून तीन महिन्यांसाठी गेली होती. दिवाळी तिकडेच झाली.

ध्रुव म्हणाला, "बाबा, नवीन पाठवतो." मुलाला नको म्हटलं. मीच उघडून बघणार.

१२ जानेवारी

व्हिडिओ बघत बघत उघडला. स्क्रू कागदावर मांडले, जिथला तिथे. दोन तर खालच्या रबराच्या आड लपलेले. झाकण काढताना काहीतरी कडकन मोडलं.

आत पंख्यावर धुळीचा थर, गोधडीतल्या कापसासारखा. जुन्या चाळीतली असणार. या टॉवरात विसाव्या मजल्यावर एवढी धूळ येत नाही. माणूसही येत नाही.

१३ जानेवारी

पंखा ब्रशने साफ केला. चिपवरची, उष्णता ओढून घेणारी पेस्ट वाळून खडूसारखी झालेली. नवी आणायला दादरला गेलो. दुकानदार म्हणाला, "काका, त्या लॅपटॉपमध्ये आता राम नाही." पेस्ट घेऊनही मी तिथेच उभा. नायगावची चाळ, अंबिका, मनू — सगळं सांगत बसलो त्याला. तो गिऱ्हाइकं बघत हो-हो करत होता. मग म्हणाला, "अजून काही हवंय का?"

लाज वाटली. चालत घरी आलो.

१४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ आणला नाही. द्यायचा कोणाला?

१५ जानेवारी

कालच जोडून झाला असता. मुद्दाम जोडला नाही. टेबलावर पसारा असला की सकाळी उठायला काहीतरी कारण असतं.

१६ जानेवारी

जोडला. एक स्क्रू उरलाच. पण चालू झाला — आणि तापला नाही!

लगेच अंबिकाला व्हिडिओ कॉल लावला. केस कापलेत तिने. मनू मांडीवर. "तुम्ही स्वतः उघडलात?" दोनदा विचारलं, खूप हसली. मागे कपाट उघडं होतं. तिच्या साड्या नीट लावलेल्या, जवळजवळ सगळ्याच.

१८ जानेवारी

आज विचारलं, परत कधी येतेस?

"अहो, मी नाही येणार आता. मला इथे बरं वाटतं. तुम्ही तिथे नीट राहा."

रागावलेली नव्हती. म्हणूनच खरं वाटलं.