डिकीतले दोन वूफर

३ मार्च, मंगळवार

दादाने आज गाडी विकायला काढली. जेवताना, आमटी वाढ म्हणावं इतक्या सहज — "ती खालची गाडी काढून टाकू. एक जण विचारतोय. बावीस तारखेच्या रविवारी येऊन बघेल." ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पातेल्याकडे.

उभा जन्म भाड्याची गाडी चालवलेला माणूस. गेल्या वर्षी सिग्नलला थांबलेल्या गाडीवर आदळला तेव्हा मागच्या सीटवर मी होते. माझ्या कपाळाला टेंगूळ आलं आणि गेलंही. त्याला साधं खरचटलं नाही. पण त्या दिवसापासून गाडीत बसणं सोडाच, तो पार्किंगमध्येही पाऊल टाकत नाही. मागच्या जिन्याने जातो-येतो. गॅरेजवाल्याने दुरुस्त करून लावली तशी गाडी उभी आहे, तोंड भिंतीकडे करून. दादा अशी कधी लावायचा नाही. म्हणायचा, "तोंड कायम फाटकाकडे. भाडं आलं की निघायचं."

४ मार्च

दादाच्या पलंगाखाली झाडू अडला. दोन सबवूफर, ते ढबढब ठोका देणारे मोठे स्पीकर, अजून खोक्यातच! अपघाताच्या आधी हौसेने आणलेले. त्याला म्हटलं, "हे बसवून दिले तर गाडी पटकन खपेल ना?"

"बसव की," पेपरामागून.

"मी?"

"मग कोण, मी?"

मनातलं त्याला बोलले नाही, इथे लिहिते. वूफर चुकीचे वाजायला लागले की त्याला राहवणार नाही. एकदा दंतवैद्याकडे गाल सुजलेला असताना हा माणूस उठून वेटिंग रूममधल्या स्पीकरची वायर नीट जोडून आला होता. एकदा खाली उतरू दे. पुढचं पुढे.

आणि चुकीचे वाजवायला मला काही कष्ट पडायचे नाहीत.

७ मार्च, शनिवार

आधी अ‍ॅम्प हवा म्हणे. अ‍ॅम्प ताकद देतो, वूफर ती वाजवतो. इतपत कळलं. गाड्यांत गाण्यांचे डेक बसवणाऱ्याकडे गेले.

"ताई, हा घ्या. तीन हजार वॅट! काचा हलतील."

"काचा आत्ताच नव्या बसवल्यात."

तरी घेतला. खोक्यावर ज्वाळा छापल्या आहेत.

८ मार्च

पाठ गेली. बॅटरीपासून डिकीपर्यंत जाड वायर ओढायची म्हणजे सगळ्या गाडीचे गालिचे उचलायचे. गालिच्याखाली बडीशेप, एक कंगवा आणि कुठल्या तरी गिऱ्हाइकाचं बटण. दोन्ही वूफर जोडले, प्लसला प्लस, मायनसला मायनस. सुरू केलं. ढब्ब — आणि अ‍ॅम्पवर लाल दिवा. बंद. पुन्हा सुरू, पुन्हा लाल.

ह्यांना गाडी चालवता येत नाही, मागे बसलं तरी मळमळतं, पण मत तयार असतं. "ज्वाळा दाखवूनच दिला होता. तक्रार कसली करतेस?"

वर येऊन दादाला सांगितलं.

"ओहम बघितलेस?"

"म्हणजे?"

"म्हणजे नाही बघितलेस." पान उलटलं.

पण विचारलं तरी!

१० मार्च

ओहम बघितले. कळले असं वाटतंय, विसरायच्या आत लिहून टाकते. ओहम म्हणजे वूफरची आडकाठी. प्रत्येकाची चार. मी जोडले तसे दोघे खांद्याला खांदा लावून जोडले की आडकाठी निम्मी होते, दोन. आडकाठी कमी झाली की अ‍ॅम्पमधून जास्त वीज ओढली जाते. माझ्या ज्वाळावाल्याला चारच्या खाली झेपतच नाही, म्हणून तो लाल होऊन बसतो. बिचारा स्वतःला वाचवत होता.

आणि ते तीन हजार वॅट? एकदा किंचाळण्यापुरते. सतत किती देतो ते आरएमएस म्हणून खोक्याच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिलेलं — अडीचशे. दोन्ही वूफरना मिळून सहाशे लागतात. दिवसभर चष्म्याच्या दुकानात मी लोकांकडून शेवटची ओळ वाचून घेते, आणि स्वतः पहिल्या ओळीवर भुलले.

११ मार्च

ज्वाळा परत केल्या. डेकवाल्याने कुरकुरत दुसरा काढून दिला: दोन ओहमवर सहाशे, सतत. साधं पांढरं खोकं. अ‍ॅम्प आणि वूफर यांची अशी जोडी जमवायला लागते हे आधी का नाही सांगितलं, असं विचारलं.

"कुणी विचारत नाही हो. तुम्हाला कुणी शिकवलं?"

"भावाने."

"मग त्यांनाच आणा की खाली."

"तेच तर चाललंय," मी म्हटलं. त्याला काय कळणार.

१५ मार्च, रविवार

वाजले! पोटात वाजले. छातीत कुणीतरी आतून दार ठोठावतंय असं वाटलं. ड्रायव्हरच्या सीटवर बसून ऐकत राहिले. सीट पार पुढे ओढलेली, नाहीतर डेकपर्यंत माझा हात पोचत नाही. दादाचे पाय लांब.

अ‍ॅम्पला गेन नावाचं एक बटण आहे. मी त्याला आवाज समजून पिळत होते, तसं नाही. डेककडून जे येतं ते किती वाढवून घ्यायचं, ते हे बटण ठरवतं. वाजवीपेक्षा वाढवलं की साधा सूरही फाटका येतो. दादाचं हेच झालंय का? ठोकर एवढीशी. त्याने ती केवढी वाढवून घेतली.

खालूनच फोन केला. "ऐकू येतंय?"

"वाटीतला चमचा नाचतोय."

"ये ना खाली. पाच मिनिटं."

पलीकडे चमचा किणकिणत राहिला. मग, "गेन कमी कर." फोन ठेवला.

सगळं बरोबर जोडलं, हीच चूक झाली. बरोबर वाजतंय म्हटल्यावर तो कशाला येईल?

१६ मार्च

दुकानात जायच्या आधी चोरासारखी उतरले आणि एका वूफरच्या दोन वायरी उलट्या लावल्या. आता एक पुढे ढकलतो तेव्हा दुसरा मागे ओढतो. दोघे जीव तोडून काम करतात आणि एकमेकांचं खाऊन टाकतात. ठोका गायब. आमच्या दुकानात मालक आणि मालकीण असंच काम करतात.

१७ मार्च

संध्याकाळी गाडीतली गाणी मुद्दाम मोठ्याने लावली. वर आले. दादाचा चहा तसाच.

"ठोका कुठे गेला?"

"काय माहीत. बघतोस?"

"डेकवाल्याला बोलव."

रात्री जेवले नाही धड.

१८ मार्च

हे म्हणाले, "विकू दे. उगाच त्याच्या मागे लागू नकोस." कदाचित खरं असेल. कपाळाला हात लावून बघितला. तिथे काही नाही. पण दादा अजून माझ्याशी बोलताना तिथेच बघतो.

१९ मार्च

भाजी निवडताना दादा शेजारी येऊन बसला. शेंगा सोलत, खाली बघत म्हणाला, "दोन्ही वूफरवर हात ठेवून बघ. एकाच वेळी पुढे येतात का."

"बघितलं. मला कळत नाही." धडधडीत खोटं.

"एवढं सगळं केलंस आणि हे कळत नाही?"

मी देठं गोळा करत राहिले. त्याने पुढे विचारलं नाही. शेंगा मात्र सगळ्या सोलल्या.

२० मार्च, शुक्रवार

दुकानातून आले. वायरी सरळ करून टाकाव्यात म्हणून डिकी उघडायला गेले, तर समोर बॉनेट. गाडीचं तोंड फाटकाकडे. बॉनेट गरम. सीट पार मागे.

वर आले. दादा पेपर वाचत होता. मी पर्स ठेवली, पाणी प्यायले, आणि आवाज जमेल तितका साधा ठेवून विचारलं, "परवा गाडी बघायला येणाऱ्या त्या माणसाला काय सांगू?"

"सांग, रविवारी गाडी मोकळी नाही."